दादांचा लांबलेला रुसवा

आमच्या घरात रुसायचा हक्क फक्त दादांना होता. दादा म्हणजे माझे वडील. आई चिडायची, भांडायची, भांडी आपटायची, पण रुसणं तिला कधी जमलं नाही, कारण तिला गप्प बसता येत नाही. मलाही येत नाही. तो गुण मी तिच्याकडूनच उचलला. दादांचं वेगळं होतं. एरवी माणूस इतका बोलका, की फुलंब्रीच्या शाळेतून बसनं घरी येईपर्यंत गाडीतल्या निम्म्या लोकांच्या सोयरिकी, पीकपाणी आणि दुखणीखुपणी त्यांना तोंडपाठ झालेली असायची. ओळख काढायला त्यांना कारण लागायचं नाही. पण एखादी गोष्ट मनाला लागली की हे सगळं बंद व्हायचं आणि घरात नुसता पंख्याचा आवाज यायचा.

रुसव्याची लक्षणं ठरलेली होती. सकाळचा पेपर घडी न मोडता टेबलावर तसाच पडून राहायचा. एरवी पाय उचलून टकाटका चालणारे दादा घरातल्या घरात चपला फरफटत चालायला लागायचे. त्या चपलांचा आवाज आला की आई स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघून डोळे मोठे करायची. आणि आईशी थेट बोलणं बंद. जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत.

"सांग तुझ्या आईला, भाजीत मीठ कमी हाय."

आई त्यांच्या पुढ्यातच उभी राहून वाढत असायची.

"सांग तुझ्या दादांना, मिठाचा डबा त्यांच्या हाताशीच हाय."

मी दोघांच्या मध्ये बसून दोन्ही निरोप इमानेइतबारे पोचवायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच घरांत मुली यासाठीच जन्माला घालतात.

या रुसव्याला एक कायदा होता आणि तो दादांनीच केलेला होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी आईनं त्यांची मनधरणी करून पाहिली होती. शिरा केला, मागे मागे फिरली, शेवटी रडली. दादा आणखीच फुगून बसले. मग एकदाचा राग उतरल्यावर त्यांनी तिला सांगितलं, "मला मनवायला येत जाऊ नको. मनवलं की मला लाज वाटते न् मी आणखी अडून बसतो. मी माझा येतो." आईनं ते तेव्हापासून पाळलं. ती मनवायला जायची नाही, आपणहून एक शब्द बोलायची नाही. फक्त दुपारच्या चहात रोजच्यापेक्षा जास्त आलं ठेचून घालायची. सगळं घर आल्याच्या वासानं भरून जायचं. मग एक दिवस, कधी दुसऱ्या दिवशी तर कधी चौथ्या, दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे आणि चौकटीला हात टेकून विचारायचे, "चहात आलं घातलंस का?"

"घातलंय," आई म्हणायची. की मिटलं. त्या विषयावर पुन्हा कुणी बोलायचं नाही.

हे सगळं एवढं सांगितलं, कारण दोन वर्षांपूर्वी दादांचा जो रुसवा सुरू झाला तो आम्ही या कायद्यानं वाचला, आणि चुकीचा वाचला.

दादांना साखर आहे ही गोष्ट घरात इतकी जुनी झाली होती, की तिचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं. गोळ्यांचा डबा देवळीत असायचा, आईनं हातावर ठेवली की दादा गोळी घ्यायचे आणि क्रांती चौकात काही कामाला गेले की येताना मिठाईच्या दुकानावरून यायचे. तपासणीच्या आदल्या आठवड्यात ते कारलं खायचे, जणू डॉक्टरांची परीक्षा होती आणि त्यात पास झालं की वर्षभर सुट्टी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागे एकदा, पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या साखरेनं खराब झाल्यात म्हणून लेसर केलं होतं. पायांची बोटं बधिर झाली होती. बीपीची गोळीही चालू होती. आम्ही डोळ्याचं दुखणं डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं आणि पायाचं पायाच्या. डोळ्यात बारीक वाहिन्या असतात तशा आणखीही कुठं असतील, हा विचार आमच्या शिकल्यासवरल्या घरात कुणाच्या मनात आला नाही.

तर रुसव्याचं निमित्त झालं एक साखरपुडा. नात्यातल्या मुलीचा, फुलंब्रीला. पंगतीत वाढणारी दोन-तीन मंडळी दादांचे जुने विद्यार्थी निघाली. गुरुजी गुरुजी करत त्यांनी दादांच्या ताटात जिलेबीचा ढीग घातला. दादांनी पहिली उचलली तोच समोरच्या पंगतीतून आई उठली, आली, आणि सगळ्यांच्या देखत ताटातली जिलेबी उचलून आपल्या ताटात घेऊन गेली. वर म्हणाली, "लई झालं गोड. घरी गेल्यावर मलाच निस्तरावं लागतं." विद्यार्थी हसले. दादाही हसल्यासारखं करून वरण-भात कालवायला लागले. मी बाजूलाच होते. मला तेव्हाच कळलं, आता आठवडाभर निरोप्याचं काम करावं लागणार.

मी हर्सूलकडे राहते, आई-दादा जुन्या कॉलनीत. त्यामुळे निरोप्याचं काम आता फक्त रविवारी. पहिल्या रविवारी गेले तर लक्षणं सगळी हजर होती. पेपर घडीत, चपला फरफटत, दादा खुर्चीत गप्प. मी आईला म्हटलं, जिलेबी महागात पडली. तीही हसली. स्वयंपाकघरात आल्याचा वास घमघमत होता.

दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी आईच्या हसण्यातला जोर कमी झाला होता.

"तुझ्याशी बोलतात का?" तिनं मला हळूच विचारलं.

"बोलतात की. जेवलात का विचारलं, तर व्हय म्हणाले. गुडघा कसाय विचारलं, तर बरा हाय म्हणाले."

"बघ! तुझ्याशी बोलतात. त्या शेजारणीनं हाक मारली तरी ओ देतात. फक्त माझ्याशीच नाय." आईनं आलं ठेचायचं थांबवलं. "एवढ्या-तेवढ्या जिलेबीपायी माणसानं इतकं धरून बसावं का गं?"

मलाही राग आला. दादांचाच. या वयात हा हट्ट कशाला, असं वाटलं. आता मागं वळून बघताना सगळं स्वच्छ दिसतं, पण तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर असूनही दिसलं नाही. मी त्यांना काहीतरी विचारत होते म्हणून ते मला उत्तर देत होते. शेजारीण हाक मारत होती म्हणून तिला ओ मिळत होती. कायद्याप्रमाणे आई एकटीच अशी होती, जी त्यांना काही विचारत नव्हती. ती वाट बघत होती. दादा आपले आपण येतील, दारात उभे राहतील आणि आल्याचं विचारतील, म्हणून ती रोज आलं ठेचत होती.

असे बरेच आठवडे गेले. आई वाळली. ती भाजीवालीशी भांडेना, फोनवर बहिणीशी बोलेना. एकदा तिनं मला विचारलं, "मनवायला जाऊ का? पण त्यांनीच नको म्हणलंय ना." मी म्हटलं, जाऊ नकोस, आणखी चिडतील. आम्ही दोघी दादांचा मान राखत होतो, असं आमचं आम्हाला वाटत होतं.

मग तो पाण्याचा रविवार आला.

आमच्या शहरात पाणी रोज येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. कितीतरी दिवसांनी पाण्याचा दिवस उगवतो आणि त्या दिवशी घरातलं माणूस लग्नाला जात नाही, दवाखान्यात जात नाही, जमलं तर मरतसुद्धा नाही. आमच्या घरी पाण्याचं खातं दादांचं. नळातून आधी हवेची फुसफुस यायची, ती ऐकू येताच ते नळाला पाइप लावायचे, पाइप हौदात सोडायचे, हौद भरत आला की मोटर चालू करून वरची टाकी भरायचे, मग पिंप, मग बादल्या, शेवटी झाडं. मी लहान असताना त्यांचा केवढाही रुसवा असला तरी पाण्याच्या दिवशी त्याला सुट्टी असायची. बोलणं नसायचं, पण पाइपचं एक टोक आईच्या हातात आणि दुसरं दादांच्या, असं काम चालायचं.

त्या रविवारी मी फाटकातून आत येत होते, तेव्हा भिंतीपलीकडून शेजारच्या खाला ओरडत होत्या, "अजी गुरुजी, पानी आके जारा, मोटर नै चलाए क्या?" अंगणात नळ धो धो वाहत होता. नळाखालची बादली केव्हाच भरली होती आणि पाणी मोरीतून गटारात चाललं होतं. पाइप वेटोळं करून दादांच्या पायाशी पडलेला. दादा स्टुलावर बसून वाहत्या पाण्याकडे बघत होते.

"दादा! पाइप का नाही लावला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लावायचा व्हता," म्हणाले.

"मग लावा ना!"

तसे ते उठले. पाइप उचलला, नळाला घट्ट बसवला, दुसरं टोक हौदात सोडलं, वाकून पीळ काढला. सगळं अगदी बरोबर, नेहमीच्या क्रमानं. पण तोवर नळाची धार बारीक होत होत थांबली.

आवाज ऐकून आई कणकेच्या हातानं बाहेर आली. दादा नळापाशी आहेत म्हणून ती निर्धास्त पोळ्या लाटत होती. तिनं रिकामा हौद पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता पाण्यावर काढला राग," ती मला म्हणाली. "हद्द झाली. सांग तुझ्या दादांना, माझी हद्द झाली."

मी तो निरोप पोचवला, वर माझा स्वतःचाही राग त्यात घातला. रुसायचं तर आईवर रुसा, पाण्यानं तुमचं काय केलं, असं बरंच बोलले. दादा ऐकत राहिले. चिडले नाहीत, मान फिरवली नाही, काहीच नाही. मी टँकरवाल्याला फोन लावला आणि तणतणत घरी निघाले.

हर्सूलच्या रस्त्याला स्कूटर लागली, वारा तोंडावर आला, राग थोडा खाली बसला, आणि मला एकदम भीती वाटली. इतकी, की स्कूटर बाजूला घेऊन थांबावं लागलं. या शहरातला माणूस बायकोवर राग काढील, भावावर काढील, सरकारवर तर रोज काढतो, पण पाण्यावर काढणार नाही. आणि दादा तर मुळीच नाही. शिवाय रुसलेले दादा मला माहीत होते. रुसले की त्यांचा चेहरा ताठ असायचा, नाक लाल व्हायचं. नळापाशी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं. मी तिथूनच आईला फोन केला आणि सांगितलं, ते रुसलेले नाहीत, त्यांना काहीतरी झालंय.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वयानं लहान होत्या आणि बोलायला मोकळ्या. त्यांनी दादांना चालायला सांगितलं. दादा पावलं न उचलता, जमिनीला घासत चालले. आई माझ्या कानात म्हणाली, "हे रागाचं चालणं हाय." मग डॉक्टरांनी त्यांना 'क'वरून सुचतील तेवढे शब्द सांगायला सांगितले. जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. "कमळ," दादा म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "कप." मग गप्प. घड्याळाचा काटा फिरत होता आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"बरं, क वरून फळं सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

"कलिंगड, केळी, कवठ, करवंद," दादा लगेच म्हणाले.

"बघा," डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आत सगळं आहे. बाहेर यायला सुरुवात होत नाही."

एमआरआय झाल्यावर त्यांनी आम्हाला पडद्यावर मेंदूची चित्रं दाखवली. आत खोलवर पांढुरके डाग होते, इथं तिथं पसरलेले. आईला वाटलं, झटका येऊन गेला. तसा मोठा झटका आलेला नाही, डॉक्टर म्हणाल्या. मेंदूच्या आत केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या असतात. वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली, जोडीला बीपी असलं, की त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आतली वाट अरुंद होते. एकेक बारीक वाहिनी गुपचूप बंद पडते किंवा पाझरते. कळत नाही, दुखत नाही. वय वाढतं तसं हे सगळ्यांचंच थोडंफार होतं. साखरेच्या माणसाचं आधी आणि जास्त होतं. मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेणाऱ्या ज्या तारा असतात, त्यांना नेमकं या बारीक वाहिन्यांचं रक्त लागतं. ते कमी पडलं की आठवणी बऱ्याचशा शाबूत राहतात, पण विचार सावकाश होतो, पावलं घासतात, आणि उठून एखादी गोष्ट आपणहून सुरू करणं राहून जातं. डोळ्याच्या पडद्यावर झालं होतं तेच हे, असंही त्या म्हणाल्या.

आईनं पडद्यावरच्या एका डागावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे मोठी लाइन चालू हाय, पण गल्लीतल्या नळाला पाणी नाय."

"जवळजवळ तसंच," डॉक्टर म्हणाल्या.

"मग हे रुसलेले नव्हते?"

डॉक्टरांना काही समजेना. मी त्यांना रुसव्याचा कायदा सांगितला. ऐकताना त्या हसल्या, आणि मी चहातल्या आल्यापर्यंत पोचले तेव्हा हसायच्या थांबल्या. "ते आपणहून येणार नाहीत, आई," त्या म्हणाल्या. "म्हणजे यावंसं वाटत नाही असं नाही. तुम्हाला सुरुवात करून द्यावी लागेल. बीपी आणि साखर आपण नीट ठेवू, साखर फार खालीही जाऊ द्यायची नाही. चालवा, बोलतं ठेवा. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणत नाही, पुढचं सावकाश व्हावं एवढं बघू."

घरी आल्यावर आईनं चप्पलही काढली नाही. दादांना खुर्चीत बसवलं आणि समोर स्टूल ओढून बसली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी थेट बोलत होती.

"अहो, तुम्ही माझ्यावर रुसला होता का?"

"कधी?" दादा म्हणाले.

"जिलेबीच्या वेळी. फुलंब्रीला."

दादांनी आठवलं. वेळ लागला, पण आठवलं. "हां. राग आला व्हता. लोकांच्या देखत उचललीस."

"मग कधी गेला राग?"

"घरी आलो तवाच गेला."

आईनं स्टूल आणखी पुढं ओढलं. "मग बोलला का नाय हो? मी रोज आलं घालत व्हते."

दादा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे उत्तरही आत राहणार. पण आलं.

"वास यायचा," ते म्हणाले. "रोज यायचा. उठायचं व्हतं. निघणंच होईना."

आई पदर तोंडाला लावून रडली. मीही रडले. कुणाचा दोष काढावा तर सापडत नव्हता, आणि त्यानं रडू आणखीच येत होतं. माझी आई त्यांनी घालून दिलेला नियम पाळत आतल्या खोलीत बसली होती आणि दादा बाहेरच्या खोलीत आल्याचा वास घेत बसले होते. मधे फक्त एक दार होतं, तेही उघडं.

त्या दिवसापासून आईनं सगळ्याची सुरुवात आपल्या अंगावर घेतली. "पेपर उघडा." "पाय उचला." "शेजारच्या खालांना सलाम करा." एकदा चालू केलं की दादा बऱ्यापैकी चालतात, पेपर दोन पानं वाचतात, विचारलं तर बातमी सांगतात. रविवारी मी त्यांना हर्सूलच्या तलावाकडे फिरायला नेते. उंबरठ्याशी अडकतात, तेव्हा मी "चला दादा, डावा पाय" म्हणते आणि डावा पाय निघतो. मला अजूनही मधेच चीड येते. त्यांची नाही. पाय तेच, वाट तीच, आणि मधे काहीतरी केसाएवढं बुजलेलं, याची चीड येते. आणि इतकी वर्षं कारल्याची नाटकं चालू दिली, त्या आम्हा सगळ्यांचीच येते.

आईचं दुःख वेगळं होतं. एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "घरात नुसतं माझंच बोलणं ऐकू येतं बघ. मीच विचारते, मीच पुढचं सुचवते. मला माझाच कंटाळा आलाय. नायतर काय माणूस व्हता! भांडायला तरी जोडीला असायचा." थोड्या वेळानं म्हणाली, "एकदा रुसले तरी चालंल मला."

ही मागच्याच महिन्यातली गोष्ट. दादांचे काही जुने विद्यार्थी शाळेच्या कार्यक्रमाचं आमंत्रण घेऊन यायचे होते. मी आधीच येऊन बसले होते. दादांनी पांढरा शर्ट घातला आणि गुंड्यांशी थांबले. मंडळी फाटकातून आत आली तरी दादांचे हात पहिल्याच गुंडीवर होते. आईला धीर निघेना. ती पुढे झाली आणि पाहुणे चपला काढत असतानाच, लहान पोराच्या लावाव्यात तशा, भराभर त्यांच्या गुंड्या लावायला लागली. वर पाहुण्यांना म्हणाली, "गुरुजींचं आता सगळं मलाच बघावं लागतं."

पाहुणे हसले. बसले, बोलले, चहा घेऊन गेले. दादा विचारलं तेवढं बोलले. फाटक लागल्याचा आवाज आला. मी कप उचलायला वाकले, तेव्हा मागून आवाज आला.

"सांग तुझ्या आईला."

मी तशीच थांबले. कुणी काही विचारलेलं नव्हतं. दादांचं नाक लाल झालं होतं.

"सांग तुझ्या आईला," ते सावकाश म्हणाले, "गुंड्या मला लावता येतात."

आई दारातच उभी होती. तिनं चटकन भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते आणि ती हसते आहे की रडते आहे ते मला कळत नव्हतं. मग तिनं आवाज घट्ट केला.

"सांग तुझ्या दादांना," ती भिंतीला म्हणाली, "मग लावा म्हणावं."

मी दोन्ही निरोप पोचवले. दादांनी शर्टाच्या सगळ्या गुंड्या सोडल्या आणि पुन्हा वरपासून लावायला घेतल्या. फार वेळ लागला. शेवटी एक काज चुकलं आणि शर्ट एका बाजूनं वर राहिला. आम्ही दोघींनी तिकडे पाहिलंच नाही. आई आत गेली आणि मला पाट्यावर काहीतरी ठेचल्याचा आवाज ऐकू आला.

ती दुपार आमच्या घरात जुन्यासारखी गेली. दादा खुर्चीत फुगून बसलेले, आई स्वयंपाकघरात, मी मध्ये. आल्याचा वास सगळ्या घरात. मी आईला खुणेनं विचारलं, चहा नेऊन देऊ का. तिनं मान हलवली. "त्यांचं त्यांना येऊ दे," ती म्हणाली, आणि भांडं मंद आचेवर ठेवून दाराकडे तोंड करून बसली. चहा आटत चालला होता. मला वाटलं, आता हिचा जीव पुन्हा दुखावणार. सुरुवात करून द्यायची असते हे डॉक्टरांनी सांगितलेलं, ते ही मुद्दाम विसरतेय असंही वाटलं.

मग चपलांचा आवाज आला. फरफटत, थांबत, पुन्हा फरफटत. मी उठले नाही, आईही उठली नाही. दादा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि उंबरठ्याशी अडकले. त्यांनी चौकटीला हात टेकला. तोंड उघडलं. आईकडे पाहिलं, चहाच्या भांड्याकडे पाहिलं, पुन्हा आईकडे. ओठ हलले, पण शब्द निघाला नाही. ते तसेच उभे राहिले, वाकडी गुंडी लावलेल्या शर्टात, विचारायला आलेले.

आईनं थोडी वाट बघितली. मग गॅस बंद केला.

"व्हय," ती म्हणाली, "घातलंय आलं."